क्वेसारच्या घरातले कोठार रिकामे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या पंधरवड्यात क्वेसारांवर, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रातील अतितेजस्वी बिंदूंवर, पानभर लेख आला होता. तो मी दोनदा वाचला. मराठी दैनिकाने खगोलशास्त्राला अख्खे पान द्यावे याचा आनंद झाला, आणि लेखाची भाषाही कुणाही दहावी झालेल्या मुलाला कळेल अशी होती. मात्र शीर्षकातच क्वेसारांना ‘दीर्घिकांचे मारेकरी’ म्हटले होते. आतही असे ठाम विधान होते की, क्वेसार एकदा पेटला म्हणजे त्याच्या यजमान दीर्घिकेतला (तो ज्या दीर्घिकेत असतो तिच्यातला) सगळा वायू बाहेर फेकला जातो, ताऱ्यांचा जन्म थांबतो आणि दीर्घिका उपाशी मरते. हे एका सैद्धांतिक कल्पनेचे वर्णन म्हणून छापले असते तर माझी तक्रार नव्हती. ते सिद्ध झालेली गोष्ट म्हणून छापले गेले, आणि आपल्या शेजारच्या क्वेसारांच्या यजमान दीर्घिकांत दुर्बिणींनी प्रत्यक्ष जे मोजले आहे ते याच्या जवळजवळ उलट आहे. मी संशोधक नाही. एका तालुक्याच्या महाविद्यालयात ३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो असून या विषयावरचे शोधनिबंध आवडीने वाचत आलो आहे. तेवढ्याच अधिकाराने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, परंतु मुद्दा दोन ओळींत मांडला तर तोही नुसते विधानच ठरेल.

क्वेसार म्हणजे काय, हे लेखात बरोबर सांगितले होते. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूच्या वर्णपटातील रेषा ओळखल्या, त्यांची ताम्रसृती, म्हणजे रेषा लाल रंगाकडे सरकण्याचे प्रमाण, ०.१५८ निघाली आणि हा बिंदू सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षांवर असूनही लहान दुर्बिणीतून दिसण्याइतका तेजस्वी आहे हे लक्षात आले. एवढे तेज दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या पदार्थातून येते, हे आज सर्वमान्य आहे. लेखात राहून गेले ते त्यापुढचे साधे गणित. पडणाऱ्या वस्तुमानाचा सुमारे एक दशांश भाग ऊर्जेत रूपांतरित होतो असे धरले, तर एक लाख कोटी सूर्यांइतके तेज असलेल्या क्वेसारला वर्षाला एका सूर्याहूनही थोडा कमी पदार्थ पुरतो. क्वेसार अशा जोमाने दहा कोटी वर्षे जळत राहिला, आणि एवढे आयुष्य म्हणजे उदार अंदाज झाला, तरी त्याचे एकूण खाणे दहा कोटी सूर्यांच्या आत राहते. दुसऱ्या बाजूला, आपल्या साध्यासुध्या आकाशगंगेतच रेणूरूप वायूचे वस्तुमान साधारण एक अब्ज सूर्यांइतके आहे. म्हणजे पोट लहान आणि कोठार मोठे. कृष्णविवराने वायू खाऊन संपवला हे स्पष्टीकरण त्यामुळे टिकत नाही. वायू संपायचा असेल तर तो उधळूनच संपायला हवा. क्वेसारच्या ऊर्जेचा अगदी लहान हिस्सा जरी भोवतालच्या वायूला लागला तरी तो दीर्घिकेबाहेर फेकला जाऊ शकतो, हे हिशेबाने खरे आहे. लेखकाची कल्पना तिथूनच आली आहे. फेकला जाऊ शकतो आणि फेकला गेला, या दोहोंत मात्र निरीक्षणाचे अंतर आहे.

ते निरीक्षण कसे करतात हे लेखात एकाच वाक्यात उरकले होते, म्हणून तिथे थोडा रेंगाळतो. तारे ज्यातून घडतात तो वायू म्हणजे मुख्यतः हायड्रोजनचे रेणू, दहा-वीस केल्विन (म्हणजे शून्याखाली सुमारे अडीचशे अंश सेल्सिअस) इतक्या थंड ढगांत साठलेले. अडचण अशी की, हा रेणू एवढ्या थंडीत प्रारण सोडतच नाही. वर्गात मी यासाठी फुगडीचे उदाहरण देत असे. सारख्याच उंचीच्या, सारख्याच पांढऱ्या परकर-पोलक्यातल्या दोन मुली फुगडी घालत असतील, तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून पाहणाऱ्याला अर्धी गिरकी झाली काय आणि नाही काय, चित्र तेच दिसते. हायड्रोजनचे दोन अणू असेच जुळे आहेत. रेणू फिरला तरी त्याच्या विद्युतभाराचा तोल कुठल्याही बाजूला झुकत नाही आणि त्यामुळे त्यातून रेडिओ लहरी निघत नाहीत. त्याची पहिली उपयोगाची परिवलन पातळी, म्हणजे फिरण्याच्या ऊर्जेची पायरी, तापमानाच्या भाषेत सुमारे ५१० केल्विन उंचीवर आहे, आणि तिथून होणारे उत्सर्जन २८ मायक्रॉनच्या अवरक्त लहरींत पडते. वीस केल्विनच्या ढगाला तिथपर्यंत चढणे परवडत नाही. आता एका मुलीला लाल लुगडे नेसवा. गिरकीगणिक लाल-पांढरे, लाल-पांढरे असे लुकलुकणे लांबूनही दिसू लागते. कार्बन मोनॉक्साइड हा असा विजोड जोडीचा रेणू आहे. त्याची पहिली पातळी साडेपाच केल्विनवरच असल्याने अतिथंड ढगातही तो आपसातल्या टकरींनी फिरू लागतो, आणि खालच्या पातळीवर येताना ११५.२७१ गिगाहर्ट्झ वारंवारतेची, म्हणजे २.६ मिलिमीटर तरंगलांबीची लहर सोडतो. १९७० मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियास यांनी अमेरिकेतील किट पीक येथील दुर्बिणीने मृग नक्षत्रातील तेजोमेघात ही रेषा प्रथम पकडली. तेव्हापासून थंड वायू मोजण्याचे ते मुख्य साधन झाले आहे. हायड्रोजनच्या दहा हजार रेणूंमागे कार्बन मोनॉक्साइडचा जेमतेम एक असतो. त्या एकाच्या हाकेवरून बाकीच्या दहा हजारांची शिरगणती करायची.

ही शिरगणती निर्वेध नाही, आणि इथे लेखकाच्या बाजूनेही एक शब्द सांगितला पाहिजे. रेषेच्या तेजावरून वस्तुमान काढण्यासाठी एक गुणक वापरतात. आपल्या आकाशगंगेतील ढगांसाठी तो रूढ एककांत सुमारे ४.३ आहे. दोन दीर्घिकांच्या टकरीतून उसळलेल्या, अवरक्त प्रकाशात भडकलेल्या दीर्घिकांसाठी डेनिस डाऊन्स आणि फिलिप सॉलोमन यांनी १९९८ मध्ये तो ०.८ च्या आसपास असल्याचे दाखवले, कारण तिथे वायू सुट्या ढगांत राहत नाही, केंद्राभोवती एकसंध दाट थरात पसरतो. दोन गुणकांत पाचपटींहून अधिक फरक आहे. क्वेसारच्या घराला कोणता गुणक लावायचा यावर वायू भरपूर की बेताचा हे बऱ्याच अंशी ठरते. त्यावर उतारा म्हणून धुळीवरून स्वतंत्र मोजमाप केले जाते. हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीने धुळीची ऊब मोजली, धुळीच्या वस्तुमानावरून एकूण वायू काढला आणि तो कार्बन मोनॉक्साइडच्या हिशेबाशी ताडून पाहिला. शेजारच्या क्वेसारांच्या बाबतीत विखुरलेपणा बराच असला, तरी त्यांचा गुणक तारे घडवणाऱ्या सामान्य दीर्घिकांहून फारसा वेगळा असल्याचे या ताळ्यातून दिसलेले नाही. आपल्या लेखातील कोष्टकात वायूची वस्तुमाने दिली होती, पण कोणत्या गुणकाने काढली ते नव्हते. हे म्हणजे भाव सांगून वजनाचे माप न सांगण्यासारखे झाले.

आणखी एक गोष्ट शिक्षकी सवयीने खटकली. लेखात अणुरूप वायू आणि रेणूरूप वायू हे शब्द एकमेकांऐवजी आलटून पालटून वापरले होते, आणि त्याच ओघात, पुणे जिल्ह्यातील खोडदची जीएमआरटी ही आपली रेडिओ दुर्बीण क्वेसारांचा हा वायू मोजते असे विधान आले होते. अणू आणि रेणू हा फरक शाळेत सातवी-आठवीत शिकवतात. इथे तो फरक म्हणजे संपूर्णपणे वेगळी दुर्बीण. अणुरूप हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटरची आहे आणि ती टिपण्यात जीएमआरटीचा हात जगात क्वचितच कुणी धरेल. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील अणुरूप हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान २०२० मध्ये प्रथम मोजले गेले ते याच दुर्बिणीने, आणि त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील शास्त्रज्ञ अग्रभागी होते. परंतु २.६ मिलिमीटरची लहर तिच्या कुवतीबाहेरची आहे, आणि त्याचे कारण नुसत्या डोळ्यांनी दिसते.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरते. मी तिथे वर्षानुवर्षे मुलांना घेऊन गेलो आहे. एका वर्षी अकरावीतली एक मुलगी ४५ मीटरच्या तबकडीखाली उभी राहून वर बघत होती. ती म्हणाली, “सर, ह्यातून तर आकाश आरपार दिसतंय, मग लहरी कशा अडतात?” तबकडी पत्र्याची नाही. स्टेनलेस स्टीलच्या अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीच्या तारांची जाळी दोरखंडांवर ताणून ती बनवली आहे. जाळीची भोके मध्यभागी सेंटिमीटरभराची आणि कडेला दोन सेंटिमीटरची आहेत. २१ सेंटिमीटरच्या लहरीला ही जाळी म्हणजे सपाट आरसा आहे. वाऱ्याला मात्र ती वाट देते, म्हणूनच एवढी मोठी तबकडी बेताच्या खर्चात आणि वजनात उभी राहिली. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ती करामत आहे. पण अडीच मिलिमीटरची लहर सेंटिमीटरभराच्या भोकातून सरळ निघून जाईल, जशी चाळणीतून रवा. मी त्या मुलीला तेवढेच सांगितले होते. आपल्या लेखकानेही तबकडीखाली उभे राहून एकदा वर पाहिले असते, तर हे विधान त्यांच्या हातून झाले नसते.

मिलिमीटर लहरींसाठी भक्कम पत्र्याची तबकडी लागते, आणि तिचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे कुठेही उंचसखल चालत नाही. वर हवा कोरडी हवी, कारण बाष्प या लहरी गिळते. प्राणवायूचीही एक शोषणरेषा ११८.७५ गिगाहर्ट्झवर अगदी शेजारीच बसलेली आहे. गंमत अशी की, दूरच्या दीर्घिकेच्या बाबतीत विश्वाचे प्रसरणच निरीक्षकाच्या मदतीला येते. मीन राशीतील आय झ्विकी १ हा सुमारे ८० कोटी प्रकाशवर्षांवरचा, शेजारच्या क्वेसारांचा नमुना मानला जाणारा क्वेसार घ्या. त्याची ताम्रसृती ०.०६१ असल्याने ११५ गिगाहर्ट्झची रेषा आपल्यापर्यंत १०८.६ गिगाहर्ट्झ होऊन पोचते आणि प्राणवायूच्या तावडीतून सुटते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात पाच हजार मीटर उंचीच्या पठारावर आल्मा ही ६६ तबकड्यांची दुर्बीण उभारली ती या कोरडेपणासाठीच. युरोपात हे काम स्पेनमधील पिको वेलेटा शिखरावरची ३० मीटरची तबकडी आणि फ्रेंच आल्प्समधील नोएमा ही दुर्बीण करतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी, चार महिने पावसात भिजणाऱ्या आपल्या मुलखाने या बाबतीत वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे कोठारात काय सापडले. दृश्य प्रकाशात क्वेसारचे केंद्र इतके झगझगीत असते की त्याभोवतीची दीर्घिका दिसणेच मुश्कील. १९९० च्या दशकाच्या मध्याला हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून काही क्वेसारांना दीर्घिकाच नाही, ते उघड्यावर आहेत, अशी बातमीही आली होती. पुढे अधिक काटेकोर विश्लेषणात दीर्घिका सापडल्या. मिलिमीटर लहरींत बहुसंख्य क्वेसारांचे केंद्र मंद असते आणि थंड वायू बोलका असतो. १९८८-८९ मध्ये मार्कारियन १०१४ आणि आय झ्विकी १ यांत कार्बन मोनॉक्साइड सापडला, तेव्हा एकेक क्वेसार गाठणे हीच मोठी गोष्ट होती. २००३ मध्ये निक स्कोव्हिल आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील ओव्हन्स व्हॅलीच्या दुर्बिणींनी ०.१ हून कमी ताम्रसृतीच्या, म्हणजे साधारण सव्वा अब्ज प्रकाशवर्षांच्या आतील, १२ क्वेसारांची यादी घेतली. त्यांची निवड वायू पाहून केलेली नव्हती, दृश्य तेज पाहून केलेली होती. त्यांतील बहुतेकांत रेणूरूप वायू भरपूर निघाला आणि हे क्वेसार वायू संपलेल्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत राहतात ही जुनी समजूत डळमळली.

यादीचे महत्त्व सांगायला हवे. या कामात बहुधा पॅलोमार-ग्रीन यादी वापरतात. ती श्मिट आणि रिचर्ड ग्रीन यांनी १९८३ मध्ये, पॅलोमार येथील जेमतेम ४६ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून केली. (दुर्बिणीच्या नावातले श्मिट वेगळे, बर्नहार्ट, वाचकांचा घोटाळा होऊ नये.) जांभळ्यापलीकडचा प्रकाश ज्यांत जास्त, असे निळे बिंदू निवडले गेले. म्हणजे धुळीचा पडदा नसलेले, केंद्र उघडे पडलेले क्वेसारच या यादीत आले. आता डेव्हिड सँडर्स यांनी १९८८ मध्ये मांडलेली आणि पुढे फार लोकप्रिय झालेली कथा आठवा. दोन वायुसंपन्न दीर्घिका एकमेकींत मिसळतात, धुळीच्या पडद्याआड तारे आणि कृष्णविवर एकदमच फोफावतात, मग क्वेसार तो पडदा उडवून लावतो आणि झळझळीत बाहेर येतो. ही कथा जशीच्या तशी खरी असेल, तर पॅलोमार-ग्रीन यादीतील क्वेसार म्हणजे शेवटच्या अंकातील पात्रे आणि त्यांच्या घरात वायू सर्वांत कमी असायला हवा. वायूची चाचणी घ्यायला याहून कडक यादी मिळणे कठीण.

ती चाचणी २०२० मध्ये जिन्यी शांगग्वान, लुइस हो आणि सहकाऱ्यांनी आल्माने घेतली. ०.१ हून कमी ताम्रसृतीच्या २३ क्वेसारांवर त्यांनी कार्बन मोनॉक्साइडची वरच्या पातळीची, २३०.५ गिगाहर्ट्झची रेषा शोधली, आणि ती २१ ठिकाणी सापडली. त्याआधी वेगवेगळ्या दुर्बिणींनी पाहिलेल्या ३२ क्वेसारांपैकी निम्म्याहून थोड्या अधिकच ठिकाणी रेषा हाती लागली होती. दुर्बीण तीक्ष्ण झाली आणि निम्मे नऊ दशांशांवर गेले. आधी जिथे वायू नाही असे वाटले, तिथे पुष्कळदा आपली नजर कमी पडत होती. जुनी-नवी मोजमापे एकत्र करून झालेल्या ४० क्वेसारांचा निष्कर्ष असा की, या दीर्घिकांत रेणूरूप वायू तितकाच आहे जितका तेवढ्याच वस्तुमानाच्या, तारे घडवणाऱ्या सामान्य दीर्घिकांत असतो. तारे घडण्याचा वेग तर यांपैकी बऱ्याच ठिकाणी सरासरीहून जास्त आहे. संवेदनक्षम मोजणीतही रेणूरूप वायूचे बाहेर सुटलेले झोत त्यांना दिसले नाहीत.

यातले शेवटचे वाक्य वर्णपटाच्या आलेखात प्रत्यक्ष पाहता येते, म्हणून ते जवळून सांगतो. आडव्या अक्षावर वेग, उभ्या अक्षावर तेज. दीर्घिकेची एक बाजू फिरत आपल्याकडे येते आणि दुसरी दूर जाते, म्हणून नीट फिरणाऱ्या तबकडीची रेषा दोन शिंगांची दिसते: दोन्ही कडांना उंचवटा, मध्ये खोलगट, आणि शिंगांबाहेर आलेख एकदम तळाला टेकतो. वायू उधळला जात असेल तर शिंगांबाहेर दोन्हीकडे पातळ, लांबट पंख पसरलेले दिसतात. या क्वेसारांच्या अनेक आलेखांत दोन शिंगे आहेत, पंख नाहीत. आलेखांवरून नाव झाकून ते माझ्या बीएस्सीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवले असते, तर त्यांनी ही साधी सर्पिल दीर्घिका आहे असेच उत्तर लिहिले असते आणि मला त्यांना गुण द्यावे लागले असते.

पंख असलेला आलेख नाहीच असे नाही. लेखात ज्याचे चित्र होते तो मार्कारियन २३१ हाच तो. सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांवर, सप्तर्षींच्या तारकासमूहात असलेल्या या क्वेसारच्या रेषेला ताशी नव्हे, सेकंदाला साडेसातशे किलोमीटरपर्यंत पसरलेले पंख आहेत. २०१० मध्ये क्यारा फेरुल्यो आणि सहकाऱ्यांनी आल्प्समधील दुर्बिणीने ते पाहिले आणि वर्षाला सुमारे ७०० सूर्यांइतका वायू बाहेर पडत असल्याचा अंदाज दिला. या वेगाने कोठार साधारण एक कोटी वर्षांत रिकामे होईल. हे निरीक्षण खरे आणि महत्त्वाचे आहे, लेखकाने ते दिले हेही योग्यच. पण मार्कारियन २३१ ही ऐन टकरीतून जाणारी, धुळीने माखलेली, अवरक्त प्रकाशात अतितेजस्वी दीर्घिका आहे. तिथे ताऱ्यांची निर्मितीही प्रचंड वेगाने चालू असल्याने वायूच्या हकालपट्टीतला क्वेसारचा वाटा वेगळा काढणे सोपे नाही. शिवाय बाहेर निघालेला सगळा वायू दीर्घिका सोडून जाईलच असे नाही. बराचसा माघारी पडू शकतो. गावात एक घर जळाले म्हणून गाव जळाले असे आपण लिहीत नाही. आपल्या लेखात मात्र एका मार्कारियनवरून सगळ्या क्वेसारांचा न्याय झाला.

क्वेसारचा त्याच्या यजमान दीर्घिकेवर काहीच परिणाम होत नाही, असे माझे म्हणणे नाही. तो परिणाम तडकाफडकी आणि घाऊक नाही, एवढेच शेजारच्या क्वेसारांवरून सांगता येते. क्वेसारचे तेज दीर्घिकेच्या आयुष्याच्या मानाने लुकलुकते असते. आज पेटलेला क्वेसार आणि त्याच्या झळीने शेकडो कोटी वर्षांत थंडावणारी ताऱ्यांची निर्मिती, ही एका क्षणाच्या छायाचित्रात एकत्र दिसणार नाहीत. बाहेरून नवा वायू येऊ न देणे हाही मार्ग असू शकतो आणि तो रेणूरूप वायूच्या आजच्या साठ्यात उमटणार नाही. आल्माच्या अधिक बारीक नजरेने घेतलेल्या मोजक्या क्वेसारांच्या चित्रांत, हा वायू सामान्य दीर्घिकांतल्यापेक्षा केंद्राजवळ जास्त दाटलेला आढळला आहे. मला हा भाग सर्वांत रोचक वाटतो. वर्षाला एक सूर्य पुरवायला कोठारात अब्जावधी सूर्य पडून आहेत; खरी अडचण वाहतुकीची आहे. हजारो प्रकाशवर्षे रुंदीच्या वर्तुळात फिरणाऱ्या वायूला आपला फिरण्याचा जोर, म्हणजे कोनीय संवेग, सोडल्याखेरीज केंद्रात उतरता येत नाही. केंद्राजवळची ही दाटी त्या उतरंडीची खूण असेल, तर क्वेसार आणि ताऱ्यांची निर्मिती एकमेकांचे वैरी ठरत नाहीत. एकाच पंगतीला बसलेले ठरतात. क्वेसारचे तेज आणि कार्बन मोनॉक्साइडचे तेज यांच्यात सैलसर का होईना, जुळते नाते सापडले आहे, हेही याच दिशेने बोट दाखवते.

लेखात डॉ. जयंत नारळीकर यांचा उल्लेख आदराने केला होता, पण क्वेसारांविषयीचे त्यांचे मत सोयीस्करपणे गाळले होते. ते गाळायला नको होते. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी अनेक वर्षे असे मांडले की, निदान काही क्वेसारांची ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणामुळे आलेली नसावी आणि ते मानले जातात त्याहून बरेच जवळ असावेत. यजमान दीर्घिकांच्या निरीक्षणांनी या मताच्या विरुद्ध कौल दिला आहे. थंड, संथ फिरणारा, हजारो प्रकाशवर्षे पसरलेला वायू जेव्हा केंद्रातील झगझगीत रेषांइतकीच ताम्रसृती दाखवतो, तेव्हा ती केंद्रातल्या तीव्र गुरुत्वाकर्षणाने आली असे म्हणता येत नाही. इतक्या पसरलेल्या वायूला ते गुरुत्वाकर्षण तेवढ्या जोराने पोचतच नाही. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था ज्यांनी उभी केली त्यांच्या मताला पुराव्याने दिलेले उत्तर छापणे हा त्यांचा अनादर नव्हे, आणि ते मतच न छापणे हा आदरही नव्हे.

आता दोन किरकोळ दुरुस्त्या. ३सी २७३ हा ‘मिलिमीटर लहरींत मंद’ असल्याचे लेखातील चौकटीत म्हटले होते. बहुसंख्य क्वेसारांबाबत हे खरे असले तरी नेमक्या याच क्वेसारबाबत खरे नाही. त्याच्या केंद्रातून निघालेल्या झोतामुळे तो मिलिमीटर लहरींतही इतका प्रखर आहे की, आल्माचे निरीक्षक इतर गोष्टी पाहण्याआधी यंत्रणा जुळवून घेण्यासाठी प्रमाण दिवा म्हणून त्याचा उपयोग करतात. त्याच्या दीर्घिकेचा हजारोपट मंद प्रकाश त्या दिव्याशेजारी वेगळा काढायला म्हणूनच इतकी वर्षे लागली.

दुसरी दुरुस्ती आकाशदर्शनाची आहे. त्याच चौकटीत, ३सी २७३ दिवाळीत संध्याकाळी पूर्वेला पाहावा असे लिहिले होते. दिवाळीत कन्या रास सूर्याच्या जवळपास असते आणि पहाटेखेरीज ती शोधण्यात अर्थ नसतो. संध्याकाळी पाहायचा तर चैत्र-वैशाख गाठावा. चित्रा तारा ओळखून तिच्या वायव्येला पोरिमा, त्यापुढे ईटा कन्या, आणि त्या ताऱ्याच्या ईशान्येला साधारण साडेतीन अंशांवर शोध घ्यावा. त्याच्या तेजाची प्रत १२.९ च्या आसपास (आकडा मोठा तितका तारा मंद) असल्याने आठ इंची दुर्बीण, अंधारी जागा आणि एक चांगला नकाशा एवढ्यावर तो दिसतो. आमच्या गावाबाहेरच्या माळावर तो पहिल्यांदा सापडायला आम्हाला तीन रात्री लागल्या, आणि सापडल्यावर तो शेजारच्या ताऱ्यांहून कशानेही वेगळा दिसला नाही.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक, पुणे जिल्हा